ओठांवरचं बोट

विश्रामबागेतल्या त्या बंगल्यात माझा पहिला दिवस. बाळ सहा महिन्यांचं होतं. पाळण्यातून उचललं तेव्हा तोंड वासून रडत होतं. मी त्याला खांद्यावर टाकलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आलं आलं, माझं वासरू आलं. कुनी मारलं रं तुला? कावळ्यानं मारलं व्हय?"

बाळ रडायचं थांबलं. माझ्या तोंडाकडं टकमक बघायला लागलं.

मागं वैनी उभ्या होत्या. बाळाची आई. कॉलेजात शिकवायला जायच्या. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. त्यांनी आपलं बोट ओठांवर ठेवलं. शाळेत बाई वर्ग गप्प करतात तसं. मला वाटलं, हळू बोल म्हणतात. मी आवाज बारीक केला. बोट तिथंच.

"बाळाशी बोलायचं नाही," त्या म्हणाल्या.

मला कळलंच नाही. "म्हंजी वो?"

"हेच ते. हे 'म्हंजी' आणि 'व्हय' त्याच्या कानावर पडायला नको. आता ऐकेल तेच उद्या बोलेल. तू त्याचं सगळं कर. तेल लाव, अंघोळ घाल, दूध पाज. पण मुकाट्यानं. बोलायचं आम्ही बघू."

मी हसले. खरंच हसले. वाटलं, थट्टा करतायत. मग त्या म्हणाल्या, "हात साबणानं धुता येतात गं. पण एकदा जिभेवर बसलेलं कशानं धुवायचं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दूध उतू जाऊ देऊ नकोस म्हणावं इतक्या सहज बोलल्या. मग टेपरेकॉर्डर कसा लावायचा ते मला दाखवलं. एका कॅसेटवर श्लोक, एकीवर इंग्रजी गाणी. संपली की उलटी करून लावायची. एवढं सांगून त्या कॉलेजला गेल्या.

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली धर्म बदलला. त्यांनी देव्हाऱ्यातले देव उचलून ओढ्याला सोडले, ही गोष्ट आमच्या घरात लय अभिमानानं सांगायचे. पण वेगळा ठेवलेला पेला मी लहानपणापासून बघत आले. त्या बंगल्यातही माझा पेला खिडकीत पालथा असायचा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल टाकायचं नाही. त्याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटण्याचे दिवस कधीच सरले होते. पण माझा आवाजही बाटवतो, हे मला माहीत नव्हतं. ते त्या दिवशी कळलं. अंगावर कुणीतरी खरकटं पाणी फेकावं तसं झालं आणि मी उभीच राहिले. हातात त्यांचं मूल होतं. चालू लागणार तरी कशी?

आणि जाणार कुठं? आटपाडीकडं सासरी पाऊस नव्हता, काम नव्हतं. सांगलीत आम्ही पोट भरायला आलो होतो. नवरा एका गिरणीत रात्रीचा वॉचमन. सकाळी येऊन दिवसभर झोपायचा. पत्र्याची एक खोली. सुजाता, माझी पोरगी, तेव्हा दहा महिन्यांची. तिला शेजारच्या आक्काकडं ठेवायची. आक्का म्हातारी, जीवानं चांगली. पण तिला दिसायचं कमी आणि ऐकू यायचं त्याहून कमी. ती पोरीला जुन्या लुगड्यानं खाटेच्या पायाला बांधून ठेवायची, गटारीत जाऊ नये म्हणून. दुपारी पेज भरवायची. दुसरं ती बिचारी काय करणार?

पहिले तीन-चार महिने मी चोरून बोलले. वैनी गेल्या की दार लोटायचं आणि बाळाला मांडीवर घ्यायचं. तेल लावता लावता सगळं सांगायचं. "ह्यो हात कुनाचा? ह्यो पाय कुनाचा? ह्ये नाक कुनी खाल्लं?" बाळ खिदळायचं, पाय झाडायचं. खिडकीत कावळा आला की मी म्हणायची, "ये रं, ये." बाळ कावळ्याकडं बघायचं, मग माझ्याकडं, मग परत कावळ्याकडं. आम्हां दोघांचं मस्त चाललं होतं. त्याच्या रडण्यानं माझी चोळी ओली व्हायची, पोरीच्या वाटणीचं दूध त्याच्या आवाजाला धावून यायचं. मी पदर घट्ट लपेटून घ्यायची.

पण चोरी पकडून दिली ती बाळानंच. एका रविवारी वैनी त्याला कडेवर घेऊन खिडकीत उभ्या होत्या. कावळा आला. बाळानं हात पुढं केला आणि म्हणालं, "ये लं."

त्याचा पहिला शब्द. मला एवढा आनंद झाला की मी फडकं टाकून पुढं धावले. वैनींचं तोंड पांढरं पडलं होतं.

"कुणी शिकवलं हे?"

मी खाली बघितलं.

"पुन्हा कानावर आलं तर उद्यापासून यायचं नाही." मग बाळाकडं वळून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "शू. असं नाही बोलायचं. घाण."

बाळानं परत म्हटलं, "ये लं." त्याला वाटलं, आई खेळतेय. त्यांनी त्याचं तोंड हातानं झाकलं. हळूच झाकलं, मारलं नाही. पण झाकलं. माझ्या डोळ्यांदेखत. मी फडकं उचललं आणि खिडकी पुसत राहिले.

त्यानंतर मी मिटले.

मुकं राहून मूल सांभाळणं म्हणजे काय, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. बाळ माझ्या तोंडात बोटं घालायचं. माझे ओठ धरून उघडायला बघायचं. आत काहीतरी होतं, ते कुठं गेलं म्हणून शोधायचं. मी तोंड फिरवायची. मग ते माझा गाल ओढायचं, चिडायचं, रडायचं. मी उठून टेप लावायची. टेपमधली बाई गोड गळ्यानं गायची आणि बाळ तिच्याकडं पाठ करून बसायचं. एकदा लाईट गेली. टेप बंद, पंखा बंद. सगळा बंगला चिडीचूप. बाळ घाबरून मला चिकटलं. एक शब्द त्याला हवा होता. "हाय रं, मी हाय." एवढाच. मी त्याची पाठ चोळत राहिले. तो शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. मला सुजाताचं दूध दिसत होतं, खोलीचं भाडं दिसत होतं. मी दात आवळले.

माझ्या आईची आठवण त्या दिवसांत लय यायची. माझं माहेर साताऱ्याकडचं, माण तालुक्यातलं. दुष्काळात आई रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. माझ्या धाकट्या भावाला बाभळीखाली झोळीत टाकायची. हातोडा मारता मारता त्याच्याशी बोलायची. "ह्यो दगड मुकादमाचा. ह्यो दगड सावकाराचा. ह्यो फुटंना बग, ह्यो कलेक्टर हाय जनू." सगळ्या बाया हसायच्या. झोळीतून भाऊ हुंकार द्यायचा. आमच्याकडं द्यायला दुसरं काही नव्हतं. खेळणं नाही, दूध बेताचंच. पण बोलणं पोटभर होतं. उन्हातान्हात, धुळीत, आईच्या तोंडाला खंड नसायचा. त्या बोलण्यावर आम्ही भावंडं माणसात आलो. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते दुसऱ्याच्या घरात, तोंड शिवून बसल्यावर कळलं.

संध्याकाळी मी घरी यायची. नवरा ड्युटीला निघालेला असायचा. नळाला रांग, चूल, भांडी. सुजाता दारात बसलेली. आधी ती लय बडबडायची. बा, मा, ता, असं काहीबाही. मला बघितलं की दोन्ही हात वर करून ओरडायची. मी तिला उचलायची, पाजायची, थोपटायची. सगळं करायची. पण मुक्यानंच. दिवसभर गिळून गिळून बोलणं आत कुठंतरी इतकं खोल गेलेलं असायचं की घरी येऊन ते वर येत नव्हतं. नवरा एकदा म्हणाला, "काय गं, दातखीळ बसली का तुझी?" मी त्यालाही उत्तर दिलं नाही.

वस्तीतल्या विहारात रविवारी वंदना व्हायची. माझा आवाज मोठा. बाया म्हणायच्या, तू असलीस की आमाला आधार वाटतो. आता मी जाऊन बसायची, हात जोडायची आणि ओठ नुसते हलायचे. शेजारच्या बाईनं विचारलं, "घसा बसलाय का?" मी मान हलवली. त्रिसरणाच्या ज्या तीन वाक्यांसाठी माझ्या आजोबानं गावाशी वैर घेतलं, ती वाक्यंसुद्धा माझ्या तोंडातून निघेनात. मला रडू आलं. तेसुद्धा बिनआवाजाचं.

बंगल्यातलं बाळ दीड वर्षाचं झालं, चालायला लागलं. पण बोलेना. "ये लं" एवढा एक शब्द त्याला आला होता, तोही विसरलं. काही हवं असलं की माझा हात धरून न्यायचं आणि बोटानं दाखवायचं. वैनी काळजीत पडल्या. त्याला मुलांच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरलं. बाळ माझ्याशिवाय राहत नव्हतं, म्हणून मलाही नेलं.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी बाळाच्या कानामागं टाळी वाजवली, घशात बॅटरी मारली. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी विचारलं, "दिवसभर याच्याजवळ कोण असतं?"

"ही बाई असते."

"काय गं, बोलतेस का याच्याशी?"

मी वैनींकडं बघितलं. वाटलं, आता तरी त्या सांगतील.

वैनी म्हणाल्या, "ही? ही घुमीच आहे हो. तोंडातून शब्द काढत नाही. या लोकांना काय कळतं मुलांचं? जन्माला घालतात आणि सोडून देतात."

मी बोलायला तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. इतके महिने दाबून ठेवलेला आवाज, नेमका हवा तेव्हा तो माझ्याकडं नव्हता. मी तशीच उभी राहिले, त्या म्हणाल्या तशी, घुमी.

डॉक्टर मलाच सांगायला लागले. वाईट माणूस नव्हता तो. समजुतीनं बोलत होता. "हे बघ, लहान मूल टेप ऐकून शिकत नाही. त्याला उत्तर देणारं माणूस लागतं. ते 'आ' म्हणालं की कुणीतरी त्याच्या डोळ्यांत बघून 'ओ' म्हणायला पाहिजे. पहिल्या दोन-तीन वर्षांतलं हे बोलणं म्हणजे पुढच्या सगळ्याचा पाया. भाषा कुठलीही असू दे. मायेच्या माणसाची पाहिजे."

भाषा कुठलीही असू दे. मी वैनींकडं बघितलं. त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

तेवढ्यात बाळानं काय करावं? ते माझ्या कडेवर होतं. त्यानं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आपलं इवलंसं बोट ओठांवर ठेवलं.

"अरे वा, हे बरं शिकलाय," डॉक्टर हसले.

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. ते "पहिल्या दोन-तीन वर्षांत" म्हणाले तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर हे बाळ नव्हतंच. खाटेला बांधलेली माझी पोरगी होती.

त्या संध्याकाळी मी वस्तीपर्यंत अक्षरशः पळत गेले. आक्काच्या दारात सुजाता बसली होती. मला बघून तिनं हात वर केले नाहीत. ओरडली नाही. नुसती बघत राहिली. कधीपासून ती ओरडत नव्हती? मला आठवेना. मी तिच्यापुढं गुडघ्यांवर बसले. तोंड जड झालं होतं, तरी शब्द ओढून काढला.

"सुजे. बोल की गं. आयेसंगं बोल."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. आणि बोट ओठांवर ठेवलं.

आमच्यात पोराला गप्प करायचं तर "गप रं" म्हणतात. तोंडानं म्हणतात. बोट ओठांवर ठेवायची रीत आमच्या घरात नव्हती, आक्काकडं नव्हती, वस्तीत कुणाकडंच नव्हती. ते बोट बंगल्यातलं होतं. माझ्या हातानं ते घरी आलं होतं, कधी ते मलाही समजलं नाही. दिवसभर पगार घेऊन मी त्यांच्या पोराला मुकं केलं आणि उरलेल्या वेळात माझ्या पोरीला. मी तिला छातीशी धरलं आणि मोठ्यानं रडले. वस्ती गोळा झाली. नवऱ्याला वाटलं, कुणीतरी गेलं. सुजाता एवढी घाबरली की तिचं बोट ओठांवरून हलेना.

लोक म्हणतील, चूक तुझीच. मीही काही तास तेच म्हणत होते. मग वैनींचं ते वाक्य आठवलं, जन्माला घालतात आणि सोडून देतात. आणि माझं रडं आटलं. सोडून दिलं कुणी? कुणासाठी? माझ्या पोरीचं तोंड बांधून तिच्या वाटणीची माय ज्यांनी नेली, त्यांनी हे म्हणावं?

दुसऱ्या दिवशी मी बंगल्यावर गेले. वैनी कॉलेजला गेल्या नव्हत्या. खुर्चीत बसून वाट बघत होत्या.

"आता तू त्याच्याशी बोलायचं," त्या म्हणाल्या. "पण मी सांगते तशी वाक्यं. शुद्ध. आधी माझ्यासमोर म्हणून दाखवायची. म्हण, 'बाळा, इकडे ये.'"

मी उंबऱ्याजवळ उभी. त्या खुर्चीत. बाळ जमिनीवर, आम्हां दोघींकडं बघत होतं.

"म्हण ना."

मी म्हणाले, "वैनी, माझी पोरगी घिऊन यिऊ का हितं? दोगास्नी संगं सांबाळते. दोगांशीबी बोलते. जसं मला येतं तसं."

"तुझी मुलगी? इथं?" त्यांना खरंच कळेना मी काय मागतेय. "ती कशाला? हा तिचंच उचलेल ना सगळं."

तिथं माझ्यातलं काहीतरी तुटलं. मी माझं बोट वर केलं आणि माझ्या ओठांवर ठेवलं. त्यांच्याकडं बघत. त्यांची नजर हलेपर्यंत.

"काल डाक्टरपुढं मला घुमी म्हनालासा," मी म्हणाले. आवाज फाटका निघाला, पण निघाला. "ह्ये बोट कुनाचं हुतं, वैनी?"

"आवाज खाली कर."

"आता खाली हुनार न्हाई. तुमचं पोरगं बोलत हुतं. 'ये लं' म्हनालं हुतं. तुमी त्याचं तोंड झाकलंसा, ह्या डोळ्यांनी बगितलं मी. आता तुमचं तुमी बोला त्याच्याशी. माझी पोरगी वाट बगत्या."

"चालती हो," त्या म्हणाल्या.

मी वळले तसं बाळ धावत आलं आणि माझ्या पायाला मिठी मारली. मी वाकले. त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि वैनींच्या समोर, खणखणीत, माझ्या बोलीत म्हणाले, "जाते रं माझ्या वासरा. लय बोल. लय वरड. कुनाचं ऐकू नगंस."

त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि भीत भीत बोट ओठांवर नेलं. मी त्याची मिठी सोडवली. एकेक बोट करून सोडवावी लागली. फाटकाबाहेर आल्यावर त्याचं रडणं ऐकू येत होतं, रस्त्याच्या वळणापर्यंत. त्याचा काय गुन्हा होता? माझ्या पोरीचा तरी काय होता? दोन लेकरांतलं एकच मला उचलता येत होतं. परत फिरावं असं पन्नासदा वाटलं. फिरले नाही.

ते बाळ पुढं कधी बोललं, काय बोललं, मला माहीत नाही. ते कधी कधी रात्री आठवतं. त्याचा हात पायाला लागतो.

मी हळदीच्या गोदामात कामाला लागले. निवडायच्या कामाला. सुजाताला बरोबर न्यायची, पोत्यावर बसवायची. अंगभर पिवळी धूळ. आणि मी बोलायची. सकाळी बसल्यापासून उठेपर्यंत. हे हळकुंड, ही गाठ, ही माती, ही तू, ही मी. ती बघायची. उत्तर नाही. दिवस गेले, महिने गेले. मी बोलायचं थांबवलं नाही. मुकादम एकदा ओरडला, "ए बाई, हात चालव, तोंड नको." मी म्हणाले, "हात तुमास्नी दिल्यात. तोंड माझ्या पोरीचं हाय. ते मिळायचं न्हाई." तो काहीतरी पुटपुटत गेला.

सुजाता बोलली. उशिरा बोलली, अडखळत बोलली. सगळं भरून आलं असं मी म्हणणार नाही, कारण आलं नाही. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं तेव्हा तिनं आधी बाईंच्या ओठांकडं बघितलं, परवानगी मागावी तसं. मग माझ्याकडं. मी दारात उभी होते. त्या बाईंनी वर्ग गप्प करायला बोट ओठांवर नेलं आणि माझी पोरगी तिथंच गोठली.

मी चपला काढल्या आणि वर्गात शिरले. सगळी पोरं बघत होती. मी बाईंचा हात धरला, ओठांवरून खाली आणला आणि म्हणाले, "बाई, हाना, वरडा, कोपऱ्यात हुबी करा. पन ह्ये बोट माझ्या पोरीपुढं वर करायचं न्हाई. जितक्यांदा वर कराल, तितक्यांदा मी यिऊन खाली करीन."

मग मी सुजाताकडं वळले. "सांग. नाव सांग तुजं. मोठ्यानं."

आणि ती बोलेपर्यंत मी तिथून हलले नाही.